‘तुम्ही व्हा पुढे’

आज सकाळच्या लाँग रनला आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, ६८ वर्षांचे काका तिसऱ्या किलोमीटरला म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे.” आणि ग्रुप खरंच पुढे गेला! परत येताना काका कठड्यावर बसलेले दिसले. एक बूट काढलेला, दोन्ही अंगठ्यांनी पोटरी दाबत. मागे पडलो म्हणून मध्येच जोर लावून गाठायला गेले आणि पोटरीत चमक भरली.

साठीपुढच्या माणसाचं ‘तुम्ही व्हा पुढे’ शब्दशः घ्यायचं नसतं, एवढंही कळू नये?

लाँग रनचा वेग म्हणजे धावता धावता अख्खं वाक्य बोलता येईल तो. दोन शब्दांनी धाप लागली की वेग जास्त झाला. घड्याळाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. ‘२२० वजा वय’ हा हृदयाच्या कमाल ठोक्यांचा (दर मिनिटाला) ढोबळ हिशोब आहे, एकाच वयाच्या दोघांत १०-२० ठोक्यांचा फरक सहज असतो. बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके कमी करणारी) गोळी चालू असेल तर तो आकडा कामाचाच नाही. आणि सावकाश धावणं वाया जात नाही हो! कॅनडाचे धावपटू एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये टोरंटोला, ७३व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन केली. त्यांचा रोजचा सराव काय, तर दफनभूमीतल्या वाटांवर तासन्‌तास संथ फेऱ्या.

वेगवान मंडळींनाही त्यांचा सराव हवा, मान्य. मग मंगळवारी इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू) करा की, आणि पुढचे दोन दिवस हलके ठेवा. रविवार सगळ्यांचा.

एकत्र धावायचा साधा उपाय आहे: अंतर नको, वेळ धरा. सगळ्यांनी ४० मिनिटं जायचं आणि ४०व्या मिनिटाला जो जिथे असेल तिथून वळायचं. पुढचे आपोआप मागे येतात आणि शेवटी सगळे जवळपास एकत्रच पोचतात. अट एकच, परतताना वेग वाढवायचा नाही. नाहीतर मधेच पुन्हा कुणीतरी एकटं पडतं. आज हे केलं असतं तर काकांना कुणाला गाठायची वेळच आली नसती.

पोटरीचंही ऐका. वय वाढतं तशी तिची ताकद कमी होते, आणि दमलेल्या पोटरीवर अचानक वेग टाकला की ती दगा देते. सुरुवातीची १० मिनिटं चाला. आठवड्यातून तीनदा पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करा, १५चे ३ सेट. आधी गुडघे सरळ ठेवून, मग थोडे वाकवून. वाकवलेला सेट सगळे गाळतात, पण आतल्या सोलियस स्नायूला खरं काम त्यातच मिळतं.

दुपारी काकांना फोन केला. म्हणाले, “माझ्यामुळे तुमचा सराव बुडाला.” राग तिथेच विरला, पोटात कालवलं नुसतं. ज्यांनी आपल्यातल्या निम्म्या लोकांना बुटाची नाडी टाच सरकणार नाही अशी बांधायला शिकवली, त्यांनी हे म्हणावं?

दुखऱ्या पायावर २० वेळा टाच न दुखता उचलता येईपर्यंत काका धावणार नाहीत. नंतर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं. तोवर दर रविवारी आपल्यातले दोघे त्यांच्याबरोबर चालतील. या रविवारी मी आहे. दुसरं कोण येतंय, खाली लिहा.