चादरीला फाशी

रविवारी गच्चीवर वाळत घातलेली माझी सोलापुरी चादर वाऱ्यानं उडाली. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बोर्डावर सूचना इंग्रजीतच लावायची असते, कारण सेक्रेटरी म्हणतात भाडेकरू बाहेरचे आहेत. (हे बाहेरचे भाडेकरू भाजीवालीशी माझ्यापेक्षा फर्डं मराठी बोलून कोथिंबीर फुकट आणतात, ते सोडा.) मी लिहिलं, ‘माय सोलापुरी चादर वॉज हँग्ड ऑन द टेरेस. इट मे बी लेइंग इन समबडीज गॅलरी. प्लीज रिटर्न.’

सोमवारी सकाळी दूध घेऊन येतो तर ‘हँग्ड’भोवती लाल गोल. शेजारी ‘हंग’ आणि खाली दोन रेघा. पंचेचाळिशी उलटली तरी लाल पेन दिसलं की माझा हात आपोआप छडीसाठी पुढे होतो.

“तुमचीच ना चादर?” मागून आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरचे सर. शाळेतून निवृत्त झाले, खिशातलं लाल पेन झालं नाही.

“हो सर! सापडली का?”

“तिचा गुन्हा काय होता?”

“आं?”

“नाही, फाशी दिलीत म्हणून विचारलं.”

लिफ्ट आली, थांबली, रिकामीच वर गेली.

“वस्तू हंग, फाशीचा माणूस हँग्ड,” सर म्हणाले. “२१ डिसेंबर १९०९. आपल्या नाशकात, विजयानंद थिएटरात, अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१०, ठाण्याचा तुरुंग. कान्हेरे, कर्वे, देशपांडे. दे वेअर हँग्ड! आणि त्यांच्या पंगतीला तुम्ही चादर बसवता?”

हुतात्म्यांपुढे चादरीची बाजू मांडणारा मी कोण? मान खाली घातली. दुधाच्या पिशवीतून एक गार थेंब बरोबर अंगठ्यावर पडत होता. तिथून सटकायचं, तर मी विचारलं, “पण सर, एकाच क्रियापदाला दोन भूतकाळ कशाला?”

सरांनी जिन्याच्या कठड्याला पाठ टेकली, तेव्हाच मला कळलं की चहा गेला. जुन्या इंग्रजीत म्हणे ही दोन वेगळी क्रियापदं होती, त्यात वायकिंग लोकांचं तिसरं येऊन मिसळलं. सोळाव्या शतकात ‘हंग’ सगळीकडे पसरला, पण न्यायाधीश मंडळींनी शिक्षा सुनावताना जुनं ‘हँग्ड’ सोडलं नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, कलम ३५४ मध्ये, ‘हँग्ड बाय द नेक’च होतं.

“मग माझा फोन हँग होतो तेव्हा?”

सर क्षणभर गप्प झाले. “माझा होत नाही,” म्हणाले.

मराठीत बघा. चादर वाळत घालतात, फोटो टांगतात, माणसाला फासावर चढवतात, वटवाघूळ आपलं आपण लोंबकळतं. ज्याचा त्याचा शब्द, कुणाची कुणात लुडबुड नाही. इंग्रजांनी सगळ्यांसाठी एकच दोरी ठेवली आणि गाठ चुकली की लाल गोल मात्र आम्हाला.

बरं, चूक झाली, मान्य. पण त्या बोर्डासमोरून अख्खी सोसायटी जाते. दोन दिवसांत कुणीतरी ‘हंग’पुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, एकानं ‘प्लीज’च्या आधी ‘काइंडली’ घुसवलं, एका पोरानं फाशीच्या दोरखंडाचं चित्र काढलं. चित्र चांगलं होतं. चादर पाहिली का, हे मात्र एकानंही लिहिलं नाही. पेपरात रोज निफाडचा पारा घसरतोय आणि मी दोन पंचे जोडून झोपतोय. ज्याच्या अंगावर माझी चादर आहे, त्यानंही खाली येऊन ‘हंग’ वाचला असणार, मान डोलावली असणार आणि वर जाऊन पुन्हा गुरफटून झोपला असणार. आडदांड चोर परवडला, तो निदान शुद्धलेखन तरी तपासत नाही.

मंगळवारी रात्री बेल वाजली. दारात सर, काखेत काहीतरी जाडजूड, घडी घातलेलं. माझा जीव भांड्यात पडायला निघाला होता. फुलस्केपचा गठ्ठा निघाला.

“तुमचं दुसरं वाक्य राहिलं,” सर चपला काढत म्हणाले. “लाय, ले, लेन. चहा बिनसाखरेचा सांगा.”