टॅब-स्पेसच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार, हा कोड लिहायचा एडिटर आमचाच आहे म्हणून उत्तर मीच देतोय. तुम्ही लिहिलंय की टॅबवाला जुना प्रोजेक्ट उघडला, थोड्या ओळी टाकल्या, एडिटरने ओळींच्या सुरुवातीला टॅबऐवजी स्पेस घातल्या, मेकफाइल (प्रोग्रॅम कसा तयार करायचा ते सांगणारी फाइल) 'मिसिंग सेपरेटर' अशी एरर देऊन अडली आणि अख्खी संध्याकाळ त्यात गेली. तक्रार बरोबर आहे, चूक आमचीच, मनापासून सॉरी.

झालं असं की फाइल उघडल्यावर आधीच्या ओळी बघून टॅब की स्पेस ते एडिटर ओळखतो, पण तो फक्त सुरुवातीच्या काही ओळी बघायचा, आणि सी भाषेच्या बऱ्याच फाइल्समध्ये वरती लायसन्सची लांबलचक कॉमेंट असते, तिच्यात प्रत्येक स्टारच्या आधी एक स्पेस असते, त्यावरून त्याने ठरवून टाकलं की इथे स्पेसच चालतात. मेकफाइलमध्ये तर ओळखायचा प्रश्नच नव्हता, रेसिपीची, म्हणजे चालवायच्या कमांडची, ओळ टॅबनेच सुरू करावी लागते, तिथेही आम्ही अंदाज लावत बसलो. नव्या अपडेटमध्ये कॉमेंट वगळून पूर्ण फाइल बघतो, मेकफाइलला टॅब पक्का केलाय, आणि प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिगची (टॅब-स्पेसचे नियम लिहून ठेवायची) फाइल असेल तर तिचंच ऐकतो. जुन्या ओळींना मात्र आपणहून हात लावत नाही, नाहीतर डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधला फरक दाखवतात त्यात) सगळी फाइल बदललेली दिसते आणि कोणती ओळ कोणी का लिहिली ते शोधणं अवघड होतं.

पण 'डिफॉल्ट सगळीकडे टॅबच ठेवा' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. यामलमध्ये (सेटिंग्ज वगैरे लिहायचा फॉरमॅट) इंडेंटला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला, टॅब चालतच नाही. पायथनमध्ये पेप ८ या स्टाइल गाइडनुसार ४ स्पेस, आणि पायथन ३ मध्ये टॅब-स्पेसची गोंधळात टाकणारी सरमिसळ झाली की सरळ एरर. उलट गो भाषेत गोएफएमटी हे कोडची मांडणी नीट करणारं टूल स्वतःच टॅब लावतं, मग तिथे आम्हीही टॅबच देतो. म्हणजे भाषेप्रमाणेच ठरवायला हवं. ज्या भाषेत असा नियम नाही तिथे नव्या फाइलला ४ स्पेस. तुमचा एक मुद्दा मात्र मनाला लागला, ज्यांना कमी दिसतं ते टॅबची रुंदी आपल्या सोयीने २ किंवा ८ करू शकतात, स्पेसचं तसं होत नाही. म्हणून नवीन प्रोजेक्ट सुरू करताना एकदाच विचारायचं असं ठरवलंय, काम चालू आहे.

तरी परत चुकीचं ओळखलं तर खालच्या पट्टीत टॅब किंवा स्पेस लिहिलेलं दिसेल, तिथे क्लिक करून बदला, आणि जमलं तर ती फाइल पाठवा, कोड नकोय, ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा तशीच ठेवून बाकी अक्षरं पुसली तरी आमचं काम होईल.