आठवं मिनिट

एक्सेल दर 10 मिनिटांनी आपल्या फाइलची एक प्रत स्वतःहून बाजूला काढून ठेवतं. ही सोय ज्याने केली त्याचं भलं होवो, पण माझा लॅपटॉप मरायचा आठव्या मिनिटाला.

तारीख 18. जीएसटीचं थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख 20, त्यानंतर दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि माझ्याकडे एक किराणावाला, एक हार्डवेअरवाला आणि एक फरसाणवाला अशा तिघांची खरेदी-विक्री अर्धवट जुळवलेली. म्हणजे पन्नास गुणिले तीन, आणि वर तिघांचे टोमणे, त्यातले फरसाणवाल्याचे जास्त तिखट.

आता मरायच्या पद्धती दोन होत्या. एक म्हणजे सरळ खटका. काही बोलणं नाही चालणं नाही, स्क्रीन काळी, पंखा गप्प, लाइट गेल्यासारखं, पण वर बघावं तर छतावरचा पंखा मजेत फिरतोय. दुसरी पद्धत म्हणजे निळी स्क्रीन, तिच्यावर ते आडवं पडलेलं रडकं तोंड, खाली काहीतरी टक्के वाढतायत आणि मग आपला आपणच परत सुरू. हे रडकं तोंड विंडोज 8 पासून म्हणजे 2012 पासून आलंय. त्याआधीची निळी स्क्रीन कशी, सगळीकडे आकडे, काही कळायचं नाही पण सरकारी नोटिशीसारखा एक दरारा होता. आता आपलं तीन तासांचं काम गिळायचं आणि वर आपल्याआधी स्वतःच रडायचं. 2016 पासून तिथे क्यूआर कोडही द्यायला लागले, तो स्कॅन करायचा म्हणून मी उशीखालून मोबाईल शोधून, कुलूप उघडून, कॅमेरा धरेपर्यंत लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन माझा पासवर्ड विचारत असायचा.

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं.

"मामा, अपडेट आलं असेल. 19 जुलै 2024 आठवतंय ना, एका अपडेटने जगभरातली 85 लाख मशीन निळी पडली होती, विमानतळावर हाताने लिहून बोर्डिंग पास देत होते."

"अरे पण माझा एकच पडलाय."

"मग फॉरमॅट मार."

ह्या पिढीचं हे असं आहे, मधलं काही नाहीच, एकतर सोड नाहीतर फॉरमॅट मार. पण एक गोष्ट त्याने कामाची सांगितली. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी म्हणून एक खिडकी आहे, तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ह्याच्यावरची टिक काढली की निळी स्क्रीन पळून जात नाही, वाचता येते. काढली. आठ मिनिटं वाट बघितली (आयुष्यात पहिल्यांदा तो बंद पडावा म्हणून वाट बघितली, तर तेव्हा बाराव्याला पडला) आणि खाली लिहून आलं, व्हिया अनकरेक्टेबल एरर.

आई शेजारी लसूण सोलत होती. "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, सुधारण्यापलीकडे गेलंय."

"कोण, तू?"

मग भाच्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला लावलं. तिथे लाल खुणांची रांगच होती आणि प्रत्येकीसमोर कर्नल-पॉवर 41, क्रिटिकल. मी मोठ्याने वाचलं तर आतून बायको विचारते, "कोण कर्नल?" त्याचा खुलासा वाचला, त्याचा अर्थ एवढाच की ही सिस्टीम नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली आहे. अहो हे मला माहितीये की! पंचनाम्यात लिहावं की सदर इसम जिवंत नसल्याने मयत झाला, त्यातला प्रकार. नंतर कळलं की 41 ही फक्त मेल्याची नोंद आहे, कशाने मेला ते त्यात नसतंच. मग काळ्या खिडकीत एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फाइली तपासायचा हुकूम, टाइप केला, तेही आठ मिनिटांच्या आत संपावं म्हणून देवाचं नाव घेत, तर निकाल आला, एकही फाइल बिघडलेली नाही. मेमरीची तपासणी लावली, ती निम्म्यात असतानाच पेशंट गेला.

तोपर्यंत घरात बातमी पसरली होती. समोरचे काका म्हणाले व्होल्टेज, डोंबिवलीत सगळं व्होल्टेजमुळेच होतं. आई म्हणाली दृष्ट लागलीये, नवा घेतला तेव्हा सगळ्यांना दाखवत फिरलास, आणि खरोखर मीठ-मोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या, त्याच्या ठसक्याने मी खोकत असताना लॅपटॉप अकरा मिनिटं चालला हे मात्र कबूल करायला हवं. बायको म्हणाली, "अहो, टेबलावर बसून करा ना काम माणसासारखं, पलंगावर काय लोळताय." तिचा मुद्दा माझ्या पाठीचा होता, लॅपटॉपशी त्याचा काय संबंध म्हणून मी सोडून दिला. शिवाय टेबलावर इस्त्रीचे कपडे असतात, ते कायमचेच असतात.

19 तारखेला सकाळी स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या पोराने झाकणसुद्धा न उघडता, नुसता हातात तोलून सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, बारा हजार." मला आईची किडनी गेलीये सांगितल्यासारखं झालं. तिथून उठलो आणि थेट लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, गाठायचं ठरवलं. त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथलाच दुकानदार तुम्हाला रस्ता सांगू शकणार नाही. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही म्हणून स्लो पकडायची, आणि हे सगळं गर्दीत लॅपटॉपची बॅग तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून.

तिथे एका गाळ्यात, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास घ्यायचा नाही एवढ्या जागेत, कारागिराने लॅपटॉप काउंटरवर ठेवून चालू केला. आठ मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली. मी मनातल्या मनात त्याला म्हणतोय, पड रे, पड एकदाचा, लाज काढू नकोस.

"अंकल, मशीन तो चल रहा है."

अंकल. तेही सोडून दिलं.

पण मशीन चालतंय म्हटल्यावर मी तिथेच उभ्या उभ्या फरसाणवाल्याचं रिटर्न भरून टाकलं. लॅपटॉप फक्त ग्रँट रोडलाच चालत असेल तर रोज येऊन बसायला काय भाडं घ्याल, हे विचारणार इतक्यात त्यानेच विचारलं, "घर पे कहाँ रखते हो?"

"पलंगावर. गोधडीवर."

"वो क्या होता है?"

आता गोधडी हिंदीत कशी सांगायची? पुरानी साडी का, एक के ऊपर एक, हाथ से सिलाई... तो मधेच हसायला लागला आणि स्क्रू काढायला घेतले. खालचं झाकण निघालं. पंखा दिसत होता, फिरतही होता, पण पंख्याच्या आणि त्या तांब्याच्या नळीपुढच्या बारीक जाळीच्या मधे एक राखाडी वस्तू बसली होती, घट्ट, नमद्यासारखी. त्याने चिमट्याने ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. म्हणजे खालून हवा घ्यायच्या फटी गोधडीने बंद, बाहेर टाकायची वाट गोधडीच्याच तुसाने बंद, मधे प्रोसेसर शंभर अंशाच्या आसपास शिजतोय, आणि तेवढं झालं की तो जीव वाचवायला स्वतःच मान टाकतो. मी ज्याला मरण म्हणत होतो ते त्याचं जगणं होतं! काउंटरवर खाली मोकळी हवा होती, म्हणून बिचारा कसाबसा तग धरून होता.

त्याने जाळी साफ केली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि आलाच आहात तर म्हणून रॅम काढून तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने घासून परत बसवल्या. सहाशे रुपये. ह्यातलं नेमकं कशाने बरं झालं असं विचारलं तर म्हणाला, "अंकल, चल रहा है ना?"

तो राखाडी तुकडा मी कागदात बांधून घरी आणला, पुरावा म्हणून. आईने चष्मा लावला, खिडकीशी नेला, नखाने उकलला. आत एक मरून धागा होता.

"अगंबाई, ही तर माझी इरकल! तुझ्या मुंजीत नेसलेली." मग एकदम आवाज बदलला. "म्हणजे माझ्या गोधडीने झालं म्हणतोस?"

"नाही गं. व्होल्टेज."

बायको काहीच बोलली नाही. नुसते टेबलावरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ठेवले. हे बोलण्यापेक्षा वाईट.

आता लॅपटॉप टेबलावर असतो, आणि खालून हवा खेळावी म्हणून त्याच्या मागच्या बाजूला आडवं लाटणं ठेवलंय. बाजारात ह्यासाठी स्टँड मिळतात म्हणे, पण लाटण्याची उंची अगदी बरोबर बसते, घरंगळू नये म्हणून पुढेमागे एकेक खोडरबर लावला की झालं. अडचण एवढीच की घरात लाटणं एकच आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी साडेसातला आतून हाक येते, "लाटणं दे रे!" आणि माझी बोटं आपोआप कंट्रोल-एसवर जातात.