पंपावरचा दर, वाडीतली बाटली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गावाकडच्या पेट्रोल-डिझेलच्या दरांवर सरकारची देखरेख नावापुरतीच उरली आहे, असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांबलचक आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया आली. तुमच्या घरचाच पंप आहे, तोही महामार्ग सोडून आत, म्हणजे तुम्हाला लागलं असणार हे समजू शकतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. पंपवाला दर ठरवतच नाही, मी त्याला उगाच चोर ठरवलं, हा तुमचा पहिला आक्षेप. पेट्रोल २०१० साली आणि डिझेल २०१४ साली नियंत्रणमुक्त झालं, त्यामुळे आता देखरेख मागणं म्हणजे परमिट राज परत मागणं, हा दुसरा. घाट उतरून कोकणात माल आणायला पैसे पडतात, ते वापरणाऱ्याने द्यायलाच हवेत, हा तिसरा. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "असल्या तक्रारींनी आडगावातले पंप बंद पडले, तर मग बसा बोंबलत."

पहिला आक्षेप मला मान्य आहे. "पंपवाले मनाला येईल तो दर लावतात" हे माझं वाक्य चुकीचं होतं. सरकारी कंपन्यांच्या पंपावर १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलू शकतो आणि तो कंपनीकडूनच येतो. पंपमालकाच्या हातात त्याचं ठरलेलं कमिशन, बाकी काही नाही. मूळ लेखातलं ते वाक्य काढलं आहे आणि तुमची व तुमच्यासारख्या सरळ धंदा करणाऱ्या सगळ्यांची माफी मागतो.

पण दुसऱ्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. दर ठरवणं आणि देखरेख ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने लिटरचा भाव ठरवावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. भाव नियंत्रणमुक्त झाला म्हणून कायदा काही रद्द झाला नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा पेट्रोल-डिझेलचा २००५ चा आदेश आहे, तुम्ही धंद्यातले, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. त्यात गैरप्रकारांची यादीच दिली आहे: भेसळ, कमी माप, साठ्यात तफावत, परवानगी नसताना विक्री, आणि ठरल्या दरापेक्षा जास्त घेणं. तपासणी कुणी करायची तेही लिहिलं आहे. अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी, पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी, तेल कंपनीचा विक्री अधिकारी. माझा प्रश्न एवढाच होता की यातलं कोण, किती वेळा, आमच्या बाजूला येतं?

आणि "दर बाजार ठरवतो" हे तरी कितपत खरं? रोज बदलू शकणारा तोच दर ६ एप्रिल २०२२ नंतर, करातले बदल सोडले तर, जवळपास दोन वर्षं जागचा हलला नाही. त्या काळात तो उतरला तो मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं म्हणून आणि जुलैत राज्याने व्हॅट कमी केला म्हणून. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर दोन रुपये उतरले. सरकारचा हात त्या फलकावर आहेच. तो जर दर थोपवायला पोचतो, तर माप बघायलाही पोचायला हवा.

आता घाटाचा मुद्दा. टँकर घाट उतरून आमच्याकडे येतो, पावसाळ्यात दरड आली की वळसा घालून येतो, त्याचं भाडं कुणीतरी भरायलाच हवं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक हिशोब बघा. डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं मूळ किमतीत मिळवलं जातं आणि मग त्या सगळ्यावर व्हॅट लागतो. जुलै २०२४ पासून आपल्या राज्यात सगळीकडे पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. (त्याआधी मुंबई-ठाण्याकडे हे टक्के जास्त होते, गावाकडे कमी, हेही सांगायला हवं.) म्हणजे लांब पडल्यामुळे भाड्याचा एक रुपया वाढला, तर पेट्रोल घेणाऱ्याच्या खिशातून सव्वा रुपया जातो. टँकरवाल्याला रुपया मिळतो, वरचे चार आणे आम्ही फक्त लांब राहतो म्हणून सरकारला देतो. अंतरावर कर! हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण देखरेख करणारं कुणी असतं तर हे कधीच त्याच्या नजरेत आलं असतं.

कंपन्यांनाही हे कळतं. ३० ऑक्टोबर २०२४ ला तेल कंपन्यांनी राज्याच्या आतल्या वाहतूक खर्चाची फेरमांडणी केली आणि डेपोपासून लांबच्या गावांमध्ये दर खाली आले. ओडिशा, छत्तीसगडसारख्या राज्यांतल्या आतल्या भागांत तर काही ठिकाणी चांगला फरक पडला. त्याच दिवशी तुमचं कमिशनही सात वर्षांनी वाढलं, ते वाढायलाच हवं होतं. पण आपल्याकडे तेव्हा विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणून महाराष्ट्र त्यातून वगळला गेला. निवडणूक झाली, सरकार बसलं. त्या फेरमांडणीचं आमच्या तालुक्याच्या वाट्याला पुढे काय आलं, हे सांगायला कुणी आलं नाही. दराच्या फलकावर एक आकडा असतो, त्याच्या पोटात भाडं किती, हे लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. मी मागतो ती देखरेख ही अशी.

मापाबद्दल. तुम्ही लिहिलंत, "कधी तपासून बघितलंत का, की नुसतंच लिहिता?" बघितलं आहे, दोन ठिकाणी.

एका पंपावर मी सांगितल्याबरोबर पोरगा ऑफिसच्या मागून पाच लिटरचं माप घेऊन आला. पितळी, खाली रुंद आणि वर नरसाळ्यासारखा निमुळता गळा, गळ्याला काच आणि काचेशेजारी रेषा. त्याने आधी थोडं पेट्रोल घालून आतून ओलं केलं, ते परत टाकीत ओतलं, मग सपाट लादीवर ठेवून बरोबर पाच लिटर सोडलं. फेस बसेपर्यंत आम्ही दोघं वाकून बघत होतो. पेट्रोल मधल्या रेषेच्या किंचित खाली थांबलं. पाच लिटरला २५ मिलिलिटर इकडेतिकडे कायद्याने चालतं, हे त्याच्याहून कमी होतं. मापावर त्या वर्षीची वैधमापन खात्याची मोहर स्पष्ट होती. पोरगा म्हणाला, "काका, एवढ्या वर्षांत तुम्हीच मागितलं." त्या पंपावर मी आजही डोळे झाकून पेट्रोल भरतो.

दुसऱ्या पंपावर माप "शेठच्या कपाटात" होतं आणि शेठ चिपळूणला गेले होते. पुढच्या वेळी चावी हरवली होती. तिसऱ्यांदा मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानेच मला गप्प केलं, "ओ, आम्हाला भाडी आहेत." त्या पंपाचं माप खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही. खरं होतं असंही म्हणू शकत नाही, आणि माझी तक्रार हीच आहे. शहरात एका पंपाचा संशय आला तर समोरचा पंप असतो. आमच्याकडे समोर खाडी असते. जिथे गिऱ्हाइकाला पर्याय नाही तिथे तपासणी जास्त हवी, आणि होतं बरोबर उलटं. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी यंत्रात चिप बसवून माप मारणारे पंप पकडले, ते पोलीस पंपावर जाऊन उभे राहिले म्हणून. साधं माप तर गिऱ्हाइकालाही घेता येतं, पण ते कपाटाबाहेर असेल तर.

आता ज्या विषयाला तुम्ही हातच लावला नाहीत त्याकडे येतो. वाडीतली बाटली.

माझी बाग राजापूर तालुक्यात, पंपापासून १७ किलोमीटर. पाऊस ओसरला की बेणणी, म्हणजे बागेतलं गवत काढणं, सुरू होते, दोन ग्रासकटर सकाळी सातपासून चालतात आणि दिवसाला सात-आठ लिटर पेट्रोल पितात. पुढे मोहोर आला की फवारणीचा पंप. ही यंत्रं पाठीवर घेऊन कुणी पेट्रोल पंपावर जात नाही, पेट्रोल आणावं लागतं. पंपावर कॅन दिसला की "देता येत नाही, वरून सांगितलंय." मग नाक्यावरच्या दुकानातून पाण्याच्या बाटलीत भरलेलं घ्यायचं, पंपाच्या दरापेक्षा १५ ते २० रुपये जास्त देऊन. आणि बाटली मानेपर्यंतच भरलेली असते, त्यामुळे लिटर हा शब्द तिथे कुणी काढत नाही, "एक बाटली" म्हणतात.

गेल्या ऑक्टोबरात गड्याने ग्रासकटरची दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले, मशीन धरेना. मी बाटली उन्हात वर धरली. वर नेहमीचं पेट्रोल आणि तळाला बोटभर जाडीचा गढूळ थर. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. आमच्या दमट हवेत, सैल झाकणाच्या बाटलीत, पत्र्याखाली ठेवलेल्या पेट्रोलचं तसं झालं. दुकानदाराने मुद्दाम केलं नव्हतं, त्याला तर हे माहीतही नव्हतं. कार्ब्युरेटर साफ करायला राजापूरला नेलं, दोन दिवस आणि दोन गड्यांची मजुरी गेली.

कायदा काय म्हणतो? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी पेट्रोल ठेवायला परवाना लागतो, म्हणजे नाक्यावरची बाटली बेकायदेशीर. पण विकण्यासाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, आणि घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्याला तर २५ लिटरपर्यंत मुभा आहे. म्हणजे शेतकऱ्याने पत्र्याचा डबा घेऊन यावं आणि दहा लिटर न्यावं, ही सोय कायद्यात नव्वद वर्षांपासून आहे. पंपावर ती नाकारली जाते आणि बाटलीकडे सगळ्यांची डोळेझाक होते. दुकानदाराला पकडा असं मी म्हणत नाही, तो गेला तर माझी बेणणी थांबेल. सात-बारा दाखवून पत्र्याच्या डब्यात पेट्रोल द्या, एवढं एक परिपत्रक जिल्ह्याने काढलं तर बाटलीचा धंदा आपोआप कमी होईल. आणि ते पेट्रोल तुमच्याच पंपावरून जाईल, हेही लक्षात घ्या.

मच्छीमारांचं दुखणं वेगळं, त्यावर स्वतंत्र लिहीन. इथे एवढंच. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेलचा दर एकदम लिटरला २५ रुपयांच्या आसपास वाढला, मुंबईत किरकोळ दर ९४ रुपये १४ पैसे असताना घाऊक १२२ रुपये ५ पैसे. मच्छीमार संस्था घाऊक ग्राहक धरल्या गेल्या आणि जेटीवरचं डिझेल रस्त्यावरच्या डिझेलपेक्षा महाग झालं. ज्या संस्था गरिबाला स्वस्त पडावं म्हणून काढल्या, त्यांनाच महाग. कागदावरची एक व्याख्या किती नौका किनाऱ्याला बांधून ठेवते, हे बघणं देखरेखीतच येतं.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, पंप बंद पडण्याचा. ती भीती खरी आहे, आणि म्हणूनच मी देखरेख मागतो. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारी कंपन्यांचे दर थांबलेले आणि कच्चं तेल चढलेलं, तेव्हा खासगी कंपन्यांनी विक्री आखडती घेतली आणि भार सरकारी पंपांवर आला. तेव्हा केंद्राने जूनमध्ये सार्वत्रिक सेवेचं बंधन सगळ्याच पंपांना लावलं, आडभागातल्यांनाही. ठरल्या वेळेत पंप चालू ठेवायचा, किमान साठा ठेवायचा, वाजवी दरात आणि भेदभाव न करता माल द्यायचा. ते बंधन सरकारनेच घातलं होतं, आणि तुमच्या पंपावरच्या रांगा त्यामुळे हलक्या झाल्या असतील तर त्याचा फायदा तुम्हालाही झाला. बांद्याकडचे पंपवाले तर पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाक्या भरणाऱ्या गाड्या रोज बघतात. दोन राज्यांच्या करातल्या फरकाचा मार ते खातात. त्यांचं म्हणणं ऐकणारं कुणी असायला नको का?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद सांगितली आहे आणि वर्षाला निदान दोन बैठका सांगितल्या आहेत. रत्नागिरीच्या परिषदेसाठी मी एक निवेदन लिहायला घेतलं आहे. त्यात तीन गोष्टी मागतो आहे: पाच लिटरचं माप पंपावर दिसेल असं बाहेर ठेवा, पत्र्याच्या डब्यात शेतकऱ्याला पेट्रोल द्या, आणि तालुकावार दरात भाडं किती ते जाहीर करा. पहिल्या दोन गोष्टींना तुमचा विरोध असेल असं मला वाटत नाही. तिसरीसाठी तुमची मदत हवी आहे. टँकरबरोबर तुमच्याकडे बिल येतं. त्यात वाहतुकीचा आकडा वेगळा दाखवलेला असेल तर तेवढा कळवाल का? पंपाचं नाव नको, नुसता तालुका आणि लिटरमागचे पैसे. निवेदन सोमवारी टाइप करायला देतो आहे, त्याआधी कळवलंत तर तो आकडा त्यात घालता येईल.