आभाराचा नंबर

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. थंडीचं, विमानतळावरच्या गर्दीचं, दुकानांतल्या झुंबडीचं काही नाही. त्याची सवय होते. भीती असते ती जेवणाआधीच्या दहा मिनिटांची. थँक्सगिव्हिंगला सगळे टेबलाभोवती बसलेले असतात, टर्कीचा वास घरभर सुटलेला असतो, आता वाढणार असं वाटतं, आणि तेवढ्यात यजमान म्हणतात, "चला, यंदा कोण कशाबद्दल आभारी आहे, एकेकाने सांगा बघू!" झालं. नंबर लागायला सुरुवात.

त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं ते कधी अशा टेबलाच्या शेवटी बसलेले नसतात. पहिला माणूस कुटुंब घेऊन टाकतो. दुसरा तब्येत. तिसरा नोकरी. चौथी बाई कुत्र्याचे आभार मानून डोळे पुसते. आपल्यापर्यंत येईतो जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी संपलेल्या असतात. म्हणून मी आत शिरल्या शिरल्या यजमानांच्या डाव्या हाताची खुर्ची धरते, तर ते नेमके उजवीकडून सुरू करतात. नवऱ्याला ही काळजी नाही. तो दर वर्षी "माझी बायको" एवढंच म्हणतो, समस्त महिलावर्ग विरघळतो आणि तो शांतपणे पावाला लोणी लावायला घेतो. त्याच्यामागून मी "माझा नवरा" म्हटलं तर नक्कल केल्यासारखं दिसतं. शिवाय ते खरंही वाटत नाही.

मुळात आम्हाला याचं वळणच नाही. कुणी "कसं काय?" विचारलं तर "चाललंय आपलं" म्हणायचं. अगदीच उत्तम चाललेलं असेल तर "बरंय". एकदा व्हिडिओ कॉलवर मी आईला म्हटलं, "यंदा सगळं छान आहे गं, मुलं एकदाही आजारी पडली नाहीत." ती तिकडून जवळजवळ ओरडलीच, "असं मोठ्याने बोलू नये! मीठमोहऱ्या आहेत ना घरात?" आहेत. पण इथे दृष्ट काढून मोहऱ्या जाळायला गेलं की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळतो आणि शेजारी बाहेर येऊन बघतात, म्हणजे पुन्हा दृष्टच. आणि अशी शिकवण मिळालेल्या बाईने भरल्या टेबलावर, पंधरा माणसांच्या तोंडाकडे बघत जाहीर करायचं, की माझं फार फार चांगलं चाललंय!

यजमान म्हणजे आमचे शेजारचे आजोबा. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात नगरपालिकेच्या गाडीने रस्त्यावरचा बर्फ ढकलत आणून बरोब्बर आमच्या गाडीवाटेच्या तोंडाशी त्याची भिंत उभी केली होती. आम्ही खिडकीतून तिच्याकडे बघत चहा पीत होतो, कारण घरात फावडंच नव्हतं. तेवढ्यात हे गृहस्थ आले, सगळी भिंत उपसली आणि बेल न वाजवता निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी डबाभर बेसनाचे लाडू नेऊन दिले. त्यांनी पुढच्या वेळी आमच्या पायऱ्यासुद्धा साफ केल्या. मी चकल्या दिल्या. असं आमचं चालू आहे आणि ते मला पूर्ण कळतं. त्यात बोलावं लागत नाही.

गेल्या वर्षीही "काही आणू नका, नुसते या" असा निरोप होता. रिकाम्या हाताने काय जायचं, म्हणून मी कोथिंबीर वड्या नेल्या. पण टर्की काही तयार होईना. तिच्या मांडीत थर्मामीटर खुपसतात आणि काटा १६५ फॅरनहाइटला पोचल्याशिवाय तिला ओव्हनबाहेर काढत नाहीत. आमचा काटा १५०च्या आसपास ठाण मांडून बसला. आजोबांना इतिहासाचा नाद, त्यांचं फावलं. १६२१ साली इथून तासाभरावरच्या प्लिमथमध्ये इंग्लंडहून येऊन वसलेल्या लोकांच्या पहिलं पीक हाती आल्यावर जेवणावळी झाल्या, इथल्या मूळनिवासी वाम्पानोआग जमातीची नव्वदेक माणसं आली, येताना पाच हरणं घेऊन आली, तीन दिवस पंगती उठल्या. (तेही रिकाम्या हाताने आले नाहीत, हे मी मनात टिपून ठेवलं.) मग राष्ट्राध्यक्ष लिंकन, त्यांनी १८६३ साली सणासाठी नेमलेला नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. मग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी मानलं, काहींनी साफ नाकारलं, टेक्ससने तर दोन्ही दिवस पाळले. म्हणजे चक्क स्मार्त आणि भागवत थँक्सगिव्हिंग! अखेर १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवून टाकला. आमच्या पंचांगकर्त्यांना हे कुणी सुचवलेलं दिसत नाही.

काटा १६५वर गेला, टर्की आली आणि नंबर सुरू झाले. मी बर्फाचं वाक्य घरून पाठ करून आले होते, बाथरूमच्या आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. माझ्या आधी आजोबांची कॉलेजात शिकणारी नात होती. ती म्हणाली, ज्यांनी हरणं आणली त्यांची जमीन पुढे गेली; १९७० पासून मूळनिवासी याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात; तेव्हा आपण आभार नेमके कुणाचे आणि कशाबद्दल मानतोय, याचा जरा विचार करावा. पोरीचं बरोबरच होतं. टेबल एकदम गप्प झालं. कुणाचा तरी काटा ताटलीवर वाजला. आणि मग सगळ्यांनी, काहीतरी बरं ऐकायला मिळेल या आशेने, माझ्याकडे पाहिलं.

शोकदिनानंतर पायऱ्यांवरचा बर्फ कसा काढायचा? पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं. माझी नजर खाली गेली. समोर रताळी होती. आषाढीला सोज्वळपणे उकडून खायची ती रताळी इथे लोणी-साखरेत लगदा करून, वर मार्शमॅलो नावाच्या मऊ, गोड मिठाईचा थर देऊन भाजतात. वरून तपकिरी, आतून चिकट, आणि मार्शमॅलोत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांची हाडं-कातडी. उपासाच्या पदार्थाला थेट मांसाहारात नेऊन बसवायची करामत दुसऱ्या कुणाला जमली नसती. माझ्या तोंडून निघालं, "मी… मी या रताळ्यांबद्दल आभारी आहे."

टेबलाने सुटकेचा श्वास सोडला. आजी तर उठून आल्या आणि मला मिठी मारली. रताळी त्यांच्या हातची होती, आणि आजवर त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं म्हणे. मग त्यांच्या डोळ्यांदेखत मला वाढण्यात आली. मी मार्शमॅलो कडेला सरकवत खालचं रताळं शोधत राहिले. पलीकडे आजोबा वड्यांचा फडशा पाडत होते.

सकाळी बेल वाजली. बर्फ काढून बेल न वाजवणारे आजोबा दारात उभे, हातात माझा वड्यांचा डबा. स्वच्छ धुतलेला आणि काठोकाठ रताळ्यांनी भरलेला. "खास तुझ्यासाठी आज ताजी केली आहेत," ते म्हणाले. "आणि ती म्हणाली, आता दर वर्षी तुझ्यासाठी वेगळी करणार."

हा डबा आता परत करायचा आहे. नवरा म्हणतो, रिकामा देऊन टाक, त्यांना काय कळतंय. त्याचं काय जातं? मी रवा भाजायला घेतला आहे.