"भारत एवढा वाढतोय, मग परदेशी फंड कशाला?" त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या काही महिन्यांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. आधी सोसायटीच्या, मग शाळेच्या बॅचच्या, मग जुन्या ऑफिसच्या, आणि शेवटी फॅमिली ग्रुपवर आमच्या भावोजींनीच टाकला, खाली जोडलेले दोन हात. त्यात म्हणणं असं की आपल्यासारख्या साध्या माणसाने आंतरराष्ट्रीय शेअर फंडांच्या, म्हणजे आपले पैसे बाहेरच्या देशांतल्या शेअरमध्ये घालणाऱ्या म्युच्युअल फंडांच्या, नादाला लागूच नये, कारण भारत सगळ्यात वेगाने वाढतोय, सेन्सेक्स शंभराचा पंच्याऐंशी हजार झालाय, बाहेर करन्सीची रिस्क आहे, टॅक्स जास्त आहे, आपल्याच कंपन्या बाहेरून कमावतात, मंदीत सगळं एकदमच पडतं आणि वर ते फंड नवीन पैशांसाठी निम्मा वेळ बंदच असतात. सात मुद्दे झाले. त्यातला एक पूर्ण बरोबर आहे, एकदोन अर्धेमुर्धे. ग्रुपवर उत्तर दिलं तर ताईचा फोन येईल, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा, भारत वाढतोय. वाढतोय ना, कोण नाही म्हणतंय! पण देश वाढणं आणि त्या देशातल्या शेअरवाल्याचे पैसे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीन बघा. २००७ च्या ऑक्टोबरात शांघायचा निर्देशांक सहा हजारांच्या वर गेला होता, त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये मोजली तरी पाचपट झाली, आणि निर्देशांक २०२५ संपताना कुठे होता, तर चार हजारांच्या आसपास. अठरा वर्षं! वाढ खरीच होती हो, पण ती नवीन शेअर काढण्यात, सरकारी कंपन्यांच्या भलत्या कामांत आणि एकमेकांचे भाव पाडण्यात गेली, शेअरवाल्याच्या हाती काय लागलं ते दिसतंच आहे.

चीन लांबचा वाटत असेल तर आपल्याकडचंच घ्या. गेल्या वीस वर्षांत विमानात बसणारी माणसं किती वाढली, आमच्या पुण्याच्या एअरपोर्टवर एसटी स्टँडसारखी गर्दी असते. आणि विमान कंपन्या? किंगफिशर २०१२ ला बसली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. धंदा वाढला, प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळालं, शेअर घेणाऱ्याचे बुडाले. एक इंडिगो तरली म्हणून सगळं क्षेत्र तरलं असं होत नाही. शिवाय भारत वाढणार हे सगळ्या जगाला माहितीय, त्यामुळे ते आजच्या भावात आधीच धरलेलं असतं, आपल्याला ही बातमी काही एकट्यालाच कळलेली नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीर. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, १००. २०२५ संपताना तो ८५ हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण ८५० पट, आणि मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की जगात असं कुठे झालेलं नाही. बरं. पण १९७९ च्या मार्च अखेरीला अमेरिकेचा एस अँड पी ५०० कितीवर होता माहितीय? तोही शंभराच्याच आसपास! निव्वळ योगायोग, पण हिशोबाला फार सोयीचा. २०२५ संपताना तो ६,८०० च्या पुढे होता, म्हणजे ६८ पट. कुठे ८५० आणि कुठे ६८, असं वाटेल. फक्त १९७९ मध्ये डॉलर आठ रुपयांना होता आणि २०२५ संपताना नव्वदला टेकलेला. ते अकरा पट त्यात घाला, ६८ गुणिले ११, साडेसातशेच्या आसपास झालं. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी रुपयातच मोजायचं तर एकीकडे साडेआठशे पट, एकीकडे साडेसातशे. आणि यात दोन्हीकडचा डिव्हिडंड धरलेलाच नाही. जवळपास बरोबरीच की!

मग कुणी म्हणेल, बरोबरीच असेल तर बाहेर जायचा खटाटोप कशाला. थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. पोचले दोघे एकाच ठिकाणी, पण वेगवेगळ्या वेळी चालले. १९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहताच्या तेजीत सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ गेला आणि २००३ च्या एप्रिलमध्ये तो तीन हजारांच्या खाली होता, अकरा वर्षं आणि हातात एक तृतीयांश कमी, आणि तेवढ्याच काळात अमेरिकेचा निर्देशांक डॉलरमध्येच दुपटीहून वर गेला होता, तेही २००० सालची पडझड पचवून. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी त्या काळात शेअर म्हणजे जुगार असं ठरवून टाकलं ते याच अकरा वर्षांमुळे. मग पारडं फिरलं. १९९९ च्या शेवटी सेन्सेक्स पाच हजार, २००९ च्या शेवटी साडेसतरा हजार, साडेतीन पट. त्याच दहा वर्षांत एस अँड पी १,४६९ वरून १,११५ वर आला. तिकडचे लोक त्या दशकाला वाया गेलेलं दशक म्हणतात.

आता सांगा, तुमची बचतीची वर्षं यातल्या नेमक्या कोणत्या दशकात येणार हे तुम्ही निवडलंय का? जन्मतारीख बघून तर कोणी बाजार चालवत नाही. दोन्हीकडे थोडे ठेवले की एकाचं वाया गेलेलं दशक दुसऱ्याने सावरायची शक्यता राहते, एवढंच माझं म्हणणं आहे, जास्त रिटर्नचं आमिष मी दाखवतच नाहीये. आणि हे अमेरिकेच्या भक्तांनाही लागू आहे बरं का, जे गेल्या काही वर्षांचे आकडे बघून सगळंच नॅस्डॅकमध्ये, म्हणजे तिकडच्या टेक कंपन्यांचा भरणा असलेल्या निर्देशांकात, घालायला निघालेत. नॅस्डॅकचं मार्च २००० चं शिखर परत यायला २०१५ उजाडलं. जपानच्या निक्केईने तर डिसेंबर १९८९ ची पातळी थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली, चौतीस वर्षांनी. त्या वेळी जपानी माणसालाही असाच मेसेज कोणी पाठवला असता तर त्याने मान डोलवलीच असती.

करन्सीची रिस्क. इथे भावोजींचंच उदाहरण घेतो, ते हे वाचणार नाहीत असं गृहीत धरून. माझी भाची जर्मनीला मास्टर्ससाठी जाणार हे २०२४ च्या शेवटालाच ठरत आलं होतं. तिकडच्या व्हिसाला एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. त्या वेळी युरो एकोणनव्वदच्या आसपास, म्हणजे साडेदहा लाखांच्या थोडे वर. प्रत्यक्ष पैसे पाठवायची वेळ आली २०२५ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा युरो शंभरी ओलांडून १०२ च्या घरात, म्हणजे बारा लाखांच्या वर. दीड लाखाचा फरक, आठ महिन्यांत, आणि ते पैसे सगळे इथल्या एफडीत होते जिथे "करन्सीची रिस्क नाही". रिस्क होतीच, फक्त पासबुकात दिसत नव्हती.

आपला पगार रुपयात, पीएफ रुपयात, फ्लॅट पुण्यात, एफडी इथल्या बँकेत. आणि खर्च मात्र पेट्रोल, मोबाइल, लॅपटॉप, पोरांचं शिक्षण, यातला बराच डॉलरच्या भावाने हलतो, कच्चं तेल तर आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. २०११ च्या मध्यात डॉलर ४५ रुपयांना होता, २०२४ संपताना ८५ ला. रुपया मधूनमधून सावरतोही, दोनदोन वर्षं हलत नाही, तेव्हा परदेशी फंडवाल्याला गप्प बसावं लागतं, हे खरंय. पण जो म्हणतो की बाहेर पैसे ठेवणं म्हणजे करन्सीचा जुगार, त्याने हेही बघावं की शंभर टक्के रुपयात राहणं हाही एक डावच आहे, आणि तो आपण न ठरवता खेळत असतो.

टॅक्स. हा मुद्दा २०२३ ला बऱ्यापैकी बरोबर होता. त्या वर्षी एप्रिलपासून घेतलेल्या परदेशी फंडांच्या नफ्यावर कितीही वर्षं ठेवले तरी स्लॅबप्रमाणे टॅक्स लागायला लागला होता, तीस टक्केवाल्याचं कंबरडंच मोडणारं. जुलै २०२४ च्या बजेटने ते बदललं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या विक्रीला, दोन वर्षांहून जास्त ठेवलं असेल तर साडेबारा टक्के, आपल्या इक्विटी फंडासारखेच. इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे मिळत नाही आणि दोन वर्षांच्या आत विकलं तर स्लॅब, एवढा तोटा आहे. मेसेज जुना आहे, कोणीतरी वरची तारीख काढून फिरवतोय.

आपल्याच कंपन्या बाहेरून कमावतात हे म्हणणं ऐकायला छान. टीसीएस, इन्फोसिसचं साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त उत्पन्न उत्तर अमेरिकेतून येतं, टाटांकडे जग्वार लँड रोव्हर, हिंदाल्कोकडे नोव्हेलिस. पण निफ्टीत एक तृतीयांशाहून जास्त वजन बँका आणि फायनान्सवाल्यांचं आहे, त्यांचं बहुतेक सगळं इथेच. आणि काही धंदे आपल्या बाजारात नाहीतच. तैवानच्या टीएसएमसीसारखी अत्याधुनिक चिप बनवणारी, नेदरलँड्सच्या एएसएमएलसारखी त्या चिपचं मशीन बनवणारी कंपनी दलाल स्ट्रीटवर दाखवा मला.

आणि बाहेरच्या कंपन्या इथे लिस्ट होतात ना, असं म्हणणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडियाचा आयपीओ आला, सगळे पैसे कोरियातल्या मूळ कंपनीला, इथल्या कंपनीला त्यातला रुपया नाही, आणि लिस्टिंगच्या दिवशी भारतातल्या पोरीचं बाजारमूल्य कोरियातल्या आईपेक्षा जास्त झालं! ज्या आईकडे या पोरीचा मोठा हिस्सा अजून आहे. फक्त घरातच बघायचं ठरवलं की घरातल्या मालाला आपण काय भाव देतो याचा याहून चांगला नमुना मला तरी सापडलेला नाही.

मंदीत सगळं एकदमच पडतं, हे अर्धं खरं. २००८ मध्ये पडलंच. सेन्सेक्स त्या एका वर्षात साधारण ५२ टक्के गेला, अमेरिकेचा निर्देशांक ३८ टक्के. पण त्या वर्षात डॉलर साडेएकोणचाळीसवरून साडेअठ्ठेचाळीसच्या वर गेला, म्हणजे इथल्या माणसाला ते ३८ टक्के रुपयात मोजताना साधारण पावभरच पडले. जग घाबरलं की लोक डॉलरकडे पळतात, रुपया पडतो, आणि आपली परदेशी गुंतवणूक तेवढी कमी दुखते. दरवेळी असं होईलच याची गॅरंटी नाही, आणि उलटंही होतं. २०२२ मध्ये नॅस्डॅक १०० तेहेतीस टक्के पडला आणि आपली निफ्टी चार टक्के वर होती. हे मी ऐकून सांगत नाहीये, मी नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठ्या उत्साहाने नॅस्डॅकच्या फंडात एसआयपी सुरू केली होती. चार महिने झाले नाहीत तोवर फंडाने एसआयपीच बंद केली आणि खाली येणारा भाव नुसता बघत बसावं लागलं, स्वस्तात घेताही येईना.

तिथेच येतो शेवटचा मुद्दा, की फंड बंद असतात, आणि तो पूर्ण बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी शेअरसाठी सात अब्ज डॉलरची मर्यादा दिलीय, परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) वेगळी एक अब्जाची. सात अब्जाचा आकडा २००८ चा आहे, तेव्हापासून फंडांचा धंदा वाढून ऐंशी लाख कोटींच्या घरात गेला, आकडा तिथेच. मर्यादा भरत आली म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजार नियामक सेबीने नवीन पैसे थांबवायला सांगितले, मग जूनमध्ये थोडं उघडलं, एप्रिल २०२४ पासून ईटीएफवाल्यांचंही तेच. आता उघडझाप चालू असते.

यातून एक नवीनच गंमत झालीय. फंड बंद म्हणून लोक शेअर बाजारात इथे लिस्ट असलेले नॅस्डॅक वगैरेचे ईटीएफ घ्यायला धावतात, आणि नवीन युनिट निघत नसल्यामुळे ते खऱ्या किमतीपेक्षा दहा टक्के, कधी वीस टक्केही महाग विकले जातात. शंभराची वस्तू एकशे पंधराला घ्यायची आणि उद्या मर्यादा वाढली की तो पंधराचा फुगा एका दिवसात खाली. घेण्याआधी एनएव्ही, म्हणजे युनिटची खरी किंमत, बघा हो, दोन मिनिटांचं काम आहे.

थेट अमेरिकेत खातं उघडायचा रस्ता आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (कंपनी नव्हे, पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ टॅक्स) कापला जातो (तो रिटर्नमध्ये परत मिळतो), दरवर्षी आयटीआरमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरावं लागतं. आणि एक गोष्ट ॲपवाले ठळक सांगत नाहीत, अमेरिकेतली मालमत्ता साठ हजार डॉलरच्या वर असताना माणूस गेला तर तिकडचा वारसा कर लागू शकतो, चाळीस टक्क्यांपर्यंत. म्हणून मला तरी साध्या माणसासाठी इथला फंड, तो चालू असेल तेव्हा, किंवा ३५ टक्क्यांपर्यंत बाहेर गुंतवणारा आपला फ्लेक्सिकॅप (लहानमोठ्या कुठल्याही कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) बरा वाटतो, ज्याला टॅक्सही आपल्या इक्विटीसारखाच लागतो.

किती ठेवायचे याचं माझं उत्तर, शेअरमधल्या पैशांपैकी पंधरावीस टक्के, पोरं बाहेर शिकणार असतील तर थोडे जास्त. हिंजवडीत अमेरिकन कंपनीत असाल आणि दरवर्षी आरएसयू, म्हणजे पगारासोबत कंपनीचेच शेअर, मिळत असतील तर उलट, तुमची नोकरी आणि शेअर दोन्ही आधीच तिकडच्या एकाच कंपनीवर टांगलेले आहेत, तुम्ही ते विकून इथली निफ्टी घ्या. परदेशी फंड तुमच्यासाठी नाहीच.

भावोजींना मी एवढंच विचारलं, भाचीच्या दुसऱ्या वर्षाचे युरो कुठे ठेवलेत. म्हणाले, एफडीत.