मॉरिशसचे गव्हर्नर मायबाप नव्हते

एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा आशय असा: इंग्रजांच्या मॉरिशसमध्ये आपल्या लोकांना छळलं ते फ्रेंच मळेवाल्यांनी. गव्हर्नर मात्र निःपक्ष होते. त्यांनी गुलामी संपवली, गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना, संरक्षण दिलं, गांधीजींचा पाहुणचार केला आणि शेवटी मताचा हक्कही दिला. कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, मुंबई बंदरात बोटीत चढून गेलेल्यांचे वंशज आज तिथे मराठी मंडळ्या चालवतात. त्यांच्या पूर्वजांनी काय सोसलं आणि कशासाठी झगडले, ते या मजकुरात पार पुसलं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गुलामी गव्हर्नरांनी संपवली.’

बेट १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकलं. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटिश संसदेनं १८०७ मध्येच बंदी घातली होती. तरी पहिले गव्हर्नर रॉबर्ट फार्कर यांनी, बेटापुरता हा व्यापार चालू राहू द्यावा, असं लंडनला सुचवलं. लंडननं ते धुडकावलं. पुढे १८१७ मध्ये मादागास्करच्या राजा रादामाशी करार करून गुलामांची तिथली निर्यात थांबवण्याची खटपट याच फार्करनी केली, हेही खरं. पण त्यांच्या कारकिर्दीत चोरटा व्यापार चालतच राहिला आणि त्याकडे काणाडोळा केल्याचा ठपका त्यांच्यावर होता.

१८३२ चा प्रसंग तर आणखी बोलका आहे. गुलामीविरोधी वकील जॉन जेरेमी यांना लंडननं बेटाचे सरकारी वकील म्हणून पाठवलं. आद्रियाँ देपिने यांच्या पुढारपणाखाली मळेवाल्यांनी दुकानं बंद पाडली, शहर ठप्प केलं. गव्हर्नर होते चार्ल्स कोल्व्हिल, पूर्वीचे मुंबईच्या फौजेचे सरसेनापती. या अनुभवी सेनानीनं मळेवाल्यांपुढे नमतं घेऊन जेरेमींनाच परत पाठवलं. अखेर १८३५ मध्ये गुलामी संपली ती संसदेच्या कायद्यानं. मालकांना वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली, सुटलेल्या गुलामांना छदामही नाही.

‘गिरमिटियांना गव्हर्नरांनी संरक्षण दिलं.’

हा सगळ्यात धादांत खोटा भाग. संरक्षक नावाचा अधिकारी होता, कागदावर. प्रत्यक्ष काय चालत होतं ते १८६७ च्या कायद्यात दिसतं. तेव्हा गव्हर्नर होते हेन्री बार्कली. पाच वर्षांचा करार पुरा करून मोकळा झालेला माणूस खरं तर स्वतंत्र. पण या कायद्यानं त्याला स्वतःचा फोटो चिकटवलेलं तिकीट कायम जवळ बाळगावं लागे, वर पोलिसांचा पास. दुसऱ्या जिल्ह्यात भाऊबंदांना भेटायला पासाशिवाय गेला, तर भटक्या ठरवून अटक. नव्या करारावर अंगठा उठवला की हा जाच टळे, आणि मळ्यांना नेमकं तेच हवं होतं. गिरमिटियांचे असे असंख्य फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जपलेले आहेत. वंशज तिथे आपल्या पणजोबांचा चेहरा शोधायला जातात. तो चेहरा टिपला गेला पाळत ठेवण्यासाठी, हे तो फोटो बघताना लक्षात असू द्यावं.

मळ्यावर ‘डबल कट’ होताच: एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी माणूस महिनाअखेर मालकाचाच देणेकरी व्हायचा. ही पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालली. इतक्या वर्षांत आलेल्या एकाही गव्हर्नरनं ती मोडली नाही.

‘मग आर्थर गॉर्डन?’

रास्त प्रश्न. १८७१ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या गॉर्डनना मजुरांची हालत पाहून धक्का बसला आणि त्यांनी तसं लंडनला कळवलं. पण क्रम नीट पाहा. त्याच वर्षी करार संपलेल्या ९,४०१ जुन्या गिरमिटियांनी या जाचाविरुद्धच्या एका अर्जावर सह्या-अंगठे केले. तो तयार करायला आदोल्फ द प्लेवित्स या युरोपीय मळेवाल्यानं मदत केली आणि त्यापायी राजधानी पोर्ट लुईत भर रस्त्यात मारही खाल्ला. त्यांना हद्दपार करा म्हणून मळेवाले मागे लागले होते; गॉर्डननी नकार दिला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मग १८७२ मध्ये चौकशी आयोग आला. त्यातले विल्यम फ्रिअर मुंबई सरकारच्या सेवेत मुरलेले होते. १८७५ च्या अहवालात पोलिसांचा आणि मळेवाल्यांचा जुलूम सविस्तर नोंदला गेला. या सगळ्याची सुरुवात त्या सह्यांनी झाली, आणि फिरत्या मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही.

‘गांधीजी गव्हर्नरांचे पाहुणे होते.’

होते. १९०१ मध्ये चार्ल्स ब्रूस यांच्याकडे एक रात्र. त्या रात्री मळ्यांवर डबल कट चालूच होता.

‘मताचा हक्क गव्हर्नरांनी दिला.’

१८८५ च्या सुधारणेला पोप हेनेसी या गव्हर्नरांचं पाठबळ होतं, मान्य. पण मिळकतीची अट अशी की साडेतीन लाखांच्या वर वस्तीत मतदार जेमतेम चार हजार. वस्तीत भारतीय वंशाचे दोन तृतीयांश असूनही त्यांचा पहिला प्रतिनिधी निवडून यायला १९२६ उजाडलं. मजुरांनी तोंड उघडलं की काय होई, तेही पाहा. १९३८ च्या गोदी संपात गव्हर्नर बीड क्लिफर्डनी कामगार नेते एमान्युएल आंक्तिल यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केलं. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल या मळ्यावर पोलिसांच्या गोळीबारात चौघे मेले, त्यात अंजलाय ही गरोदर बाई होती.

एवढं झाल्यावर १९४८ मध्ये कुठे मिळकतीची अट जाऊन साक्षरतेची अट आली. तेव्हाही विधिमंडळात निवडून आलेले १९ आणि गव्हर्नरनं नेमलेले १२. १९५३ मध्ये मजूर पक्षानं १९ पैकी १३ जागा जिंकल्या. गव्हर्नर हिलरी ब्लड यांनी आपल्या बाराही जागांवर मळेवाल्यांच्या बाजूची, जुन्या वळणाची माणसं नेमली आणि जिंकलेल्या पक्षाला अल्पमतात बसवलं. लंडनच्या हुकमापुढे गव्हर्नर हतबल असत, असं म्हणणाऱ्यांनी या नेमणुकांवर सही कुणाची होती ते सांगावं.